थायरॉईडची गोळी वाढत गेली तेव्हा: सिलिॲकच्या निदानाची दोन वर्षं

गेल्या आठवड्यात वर्षाची रक्ततपासणी झाली आणि टीटीजीचा, म्हणजे सिलिॲकच्या रक्ततपासणीचा, आकडा पहिल्यांदाच मर्यादेच्या आत आला. सिलिॲक म्हणजे गव्हासारख्या धान्यांतल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याचं अस्तर झिजवणारा आजार. फाईल तीन बोटं जाड झाली आहे. मधल्या काळात कितीतरी रात्री मी दोन-दोन वाजेपर्यंत फोनवर एकेक शब्द शोधत बसले होते. आधी काय करायचं, मग काय, कुठे नुसतं थांबावं लागतं, कुठे पैसे वाया जातात, हे मला कुणीतरी ओळीने सांगायला हवं होतं. म्हणून आता ते लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही. जे झालं, जसं झालं आणि मला जसं समजावलं गेलं, तेवढंच इथे आहे.

मला हाशिमोटो आहे हे 2017 साली कळलं. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच थायरॉईड ग्रंथीवर उलटते आणि ग्रंथी हळूहळू मंदावते. रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिनची 75 मायक्रोग्रॅमची गोळी घ्यायची, पुढचा अर्धा-पाऊण तास काही खायचं नाही, एवढंच काम. पाच वर्षं सगळं सुरळीत होतं, दर सहा-आठ महिन्यांनी टीएसएच (थायरॉईड कमी पडलं की हा रक्तातला आकडा वाढतो) केलं की नॉर्मल यायचं. मी तो आजार जवळजवळ विसरलेच होते.

सप्टेंबर 2022 मध्ये टीएसएच 7.8 आलं. गोळी 100 ची झाली. डिसेंबरमध्ये 9.1, मग गोळी 125 ची. मार्च 2023 मध्ये 8.6, आणि गोळी 150 वर गेली. सहा महिन्यांत डोस दुप्पट झाला, तरी आकडा जागचा हलत नव्हता. प्रत्येक वेळी मला एकच प्रश्न विचारला जायचा: "गोळी चुकते का?" चुकत नव्हती. शेवटी मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोज सकाळी गोळी घेतल्यावर पेनाने खूण करायला लागले आणि पुढच्या भेटीला ते पान फाडून सोबत नेलं. ते पान टेबलावर ठेवताना मला रडू आलं होतं. आपण खरं बोलतोय याचा पुरावा द्यावा लागणं फार लागतं मनाला.

त्याच मार्चच्या रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन 9.2 आणि फेरिटिन 6 होतं. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तो जवळपास संपला होता. पाळीमुळे असेल असं म्हणून तीन महिन्यांच्या लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. मी त्या थायरॉईडच्या गोळीपासून चार तासांचं अंतर ठेवून घेतल्या, कारण लोह आणि कॅल्शियम ती गोळी शोषू देत नाहीत. (हे मला औषधाच्या दुकानात सांगितलं गेलं. तुमच्याही दोन्ही गोळ्या एकत्र चालू असतील तर आधी हे तपासा.) जूनमध्ये पुन्हा तपासलं, तर फेरिटिन 7. तीन महिन्यांत एक अंक.

पोट मात्र फारसं दुखत नव्हतं, आणि हे मुद्दाम लिहितेय. सिलिॲक म्हटलं की जुलाब, फुगलेलं पोट आणि हाडकुळं मूल असं चित्र डोळ्यासमोर येतं. मला अधूनमधून गॅस व्हायचा, तो कुणाला होत नाही? बाकी होता तो थकवा. जिना चढून आल्यावर दाराची किल्ली लावायच्या आधी मी भिंतीला टेकून उभी राहायचे. तोंडात छाले यायचे, केस गळायचे. यातलं सगळं थायरॉईडच्या खात्यावर जमा होत होतं.

जूनमध्ये मी लागोपाठ दोन चुका केल्या. पहिली, एका लॅबचं 'फूड इंटॉलरन्स पॅनल' करून घेतलं. शंभरावर पदार्थांची यादी, प्रत्येकापुढे लाल, पिवळा किंवा हिरवा रंग. पुढे सिलिॲकसाठी लागलेल्या साऱ्या रक्ततपासण्या मिळून जेवढा खर्च आला, त्याहून जास्त पैसे त्या एका कागदात गेले. त्या पॅनलमध्ये आयजीजी अँटिबॉडी मोजतात आणि त्यावरून ना ॲलर्जी कळते, ना सिलिॲक. दुसरी चूक जास्त महागात पडली. त्या कागदावर गव्हापुढे लाल ठिपका होता, आणि 'थायरॉईडवाल्यांनी ग्लूटेन सोडावं' असं मी दहा ठिकाणी वाचलेलं होतं, म्हणून मी कुणालाही न विचारता गहू बंद केला. तीन-साडेतीन आठवडे. आणि मला बरं वाटायला लागलं.

19 जुलैला मी नव्या एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हॉर्मोन्सच्या आजारांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांची वेळ मिळायला पाच आठवडे लागले होते. त्यांनी सगळे जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे टेबलावर मांडले, एकही प्रश्न न विचारता चार-पाच मिनिटं पाहिले आणि मग म्हणाले, "गोळी वाढतेय पण पोचत नाहीये. लोहही पोचत नाहीये. दोन्ही एकाच वाटेने जातात." मग त्यांनी घरच्यांबद्दल विचारलं. कुणाला टाइप 1 मधुमेह? माझ्या भाचीला आहे, ताईच्या मुलीला, ती सहा वर्षांची होती तेव्हापासून. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग हे आधीच पाहायला हवं होतं."

त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत मांडते. सिलिॲक ही ॲलर्जी नाही, तोही हाशिमोटोसारखा ऑटोइम्यून, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा, आजार आहे. गहू, जव म्हणजे बार्ली, आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. ते पुरतं पचत नाही, त्याचे तुकडे लहान आतड्याच्या अस्तरात शिरतात. तिथे टिश्यू ट्रान्सग्लूटामिनेज नावाचं आपलंच एक एन्झाइम त्या तुकड्यांत थोडासा रासायनिक बदल करतं, आणि ज्यांच्याकडे एचएलए-डीक्यू2 किंवा डीक्यू8 ही जनुकं असतात त्यांची प्रतिकारशक्ती हे बदललेले तुकडे शत्रू म्हणून ओळखते. मग हल्ला सुरू होतो तो आतड्याच्या अस्तरावर, आणि अँटिबॉडी तयार होतात त्या त्या एन्झाइमविरुद्धसुद्धा. टीटीजी तपासणीत मोजतात त्या याच. अस्तरावरचे मखमलीसारखे उंचवटे, ज्यांना विलाय म्हणतात, ते झिजून सपाट होतात आणि अन्न, लोह, औषध शोषणारी जागाच उरत नाही. लोह तर लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात शोषलं जातं आणि सिलिॲकचा पहिला घाव तिथेच बसतो.

थायरॉईडचा, टाइप 1 मधुमेहाचा आणि याचा संबंध असा, की त्याच जनुकांच्या परिसरात या आजारांचा धोकाही दडलेला असतो. जगभरात साधारण शंभरात एकाला सिलिॲक असतो. ऑटोइम्यून थायरॉईड असलेल्यांमध्ये हे प्रमाण शंभरात दोन ते पाचच्या घरात जातं, टाइप 1 मधुमेह असलेल्यांमध्ये पाच-सहाच्या आसपास. म्हणजे बहुतेक थायरॉईडवाल्यांना सिलिॲक नसतोच, आणि उगाच घाबरायचं कारण नाही. पण एक ऑटोइम्यून आजार असताना गोळी लागू पडत नसेल, लोह चढत नसेल, तर ही एक रक्ततपासणी मागून घ्यावी असं मला अगदी मनापासून वाटतं. माझं जवळजवळ वर्ष वाचलं असतं.

मी मोठ्या उत्साहाने सांगितलं, की गहू बंद केलाय आणि बरं वाटतंय. डॉक्टर म्हणाले, "उद्यापासून परत सुरू करा." ग्लूटेन पोटात जात नसेल तर अँटिबॉडी कमी होत जातात, अस्तर भरायला लागतं, आणि आजार असूनही तपासणी खोटी नॉर्मल येऊ शकते. म्हणून तपासणीआधी मुद्दाम काही आठवडे गहू खायला लावतात, त्याला ग्लूटेन चॅलेंज म्हणतात. मला सहा आठवडे, रोज ब्रेडचे किमान दोन स्लाइस होतील एवढा गहू खायला सांगितला. मी विचारलं, नाहीच केलं तर? त्यांनी शांतपणे समजावलं, की आयुष्यभराचं पथ्य अंदाजावर पाळता येत नाही. शिवाय निदान नसेल तर हाडांची तपासणी, घरच्यांची तपासणी, पुढची देखरेख, यातलं काहीच होत नाही.

ते सहा आठवडे सर्वांत वाईट गेले. जे खाल्ल्याने आपलं बिघडतंय असा दाट संशय आहे, तेच रोज ताटात घेऊन बसायचं. आता पोटही दुखायला लागलं. चौथ्या आठवड्यात एकदा संध्याकाळी मी स्लाइस हातात घेऊन नुसतीच बसले होते, तेव्हा नवरा शेजारी येऊन बसला आणि माझ्याबरोबर एकेक घास खात राहिला. तो काही बोलला नाही. मला ते पुरलं.

30 ऑगस्टला रक्त दिलं. चिठ्ठीवर दोन तपासण्या होत्या: टीटीजी-आयजीए आणि टोटल आयजीए. काउंटरवर एकच नोंदवली गेली होती, मी पावती वाचली म्हणून लक्षात आलं. दुसरी का लागते ते सांगते. काही लोकांच्या शरीरात आयजीए ही अँटिबॉडी मुळातच बनत नाही, आणि सिलिॲकच्या रुग्णांत असे लोक शंभरात दोन-तीन असतात. त्यांची टीटीजी-आयजीए नॉर्मलच येणार, मग त्यांच्यासाठी आयजीजी प्रकारातली वेगळी तपासणी करावी लागते. तेव्हा पावतीवर दोन्ही नावं दिसल्याशिवाय हात पुढे करू नका. आणि चिठ्ठीवर नुसतं 'अँटी-ग्लायाडिन' लिहिलं असेल तर विचारा, ती जुनी तपासणी आहे आणि तितकीशी भरवशाची नाही.

4 सप्टेंबरला रिपोर्ट आला. टोटल आयजीए नॉर्मल. टीटीजीची मर्यादा 20, माझा आकडा 164. तो पाहून मला भीती वाटली, पण त्याच्या आधी, क्षणभर का होईना, हायसं वाटलं. कॅलेंडरवरच्या त्या खुणा खऱ्या होत्या.

मोठ्या माणसांत सहसा एवढ्यावर शिक्कामोर्तब करत नाहीत, लहान आतड्याची बायोप्सी करतात, म्हणजे एंडोस्कोपीत तोंडातून नळी घालून अस्तराचे छोटे नमुने काढतात. गॅस्ट्रोएंटेरॉलॉजिस्टची, म्हणजे पोटाच्या डॉक्टरांची वेळ 14 सप्टेंबरची मिळाली, एंडोस्कोपी 26 ला ठरली. मधल्या बारा दिवसांत कागदांचा खेळ. विम्याच्या मंजुरीसाठी अर्ज केला तर उलट प्रश्न आला, की थायरॉईडच्या रुग्णाला एंडोस्कोपी कशासाठी? पहिला अर्ज परत आला. मग दोन्ही डॉक्टरांच्या सहीचं एकेक पत्र, टीटीजीचा रिपोर्ट, एक वर्षाची हिमोग्लोबिन आणि फेरिटिनची नोंद असं सगळं एका पानावर तारखेनुसार लिहून जोडलं, तेव्हा मंजुरी आली. ते एक पान मी पुढे प्रत्येक नव्या डॉक्टरकडे नेलं. तुम्हीही करून ठेवा, पहिल्या भेटीतली दहा मिनिटं वाचतात. आणि या सगळ्या काळात गहू चालूच ठेवायचा, हे विसरू नका. टीटीजी पॉझिटिव्ह आली म्हणून बायोप्सीच्या आधी गहू सोडला की पुन्हा तोच घोळ.

एंडोस्कोपीचं मी फार मोठं भय घेतलं होतं, ते फुकट गेलं. रात्री जेवण झाल्यावर काही खाल्लं नाही, सकाळी पोचले, संमतिपत्रावर सही केली, घशात बधिर करणारा फवारा मारला आणि हाताच्या शिरेतून गुंगीचं औषध दिलं. दहा-पंधरा मिनिटांचं काम. गुंगीमुळे सोबत कुणीतरी लागतंच, आणि त्या दिवशी गाडी चालवायची नसते. माझ्याबरोबर आई आली होती.

एक गोष्ट मी आधी विचारून घेतली होती: नमुने किती घेणार? सिलिॲकचा घाव सगळीकडे सारखा नसतो, ठिगळाठिगळांत असतो. म्हणून ड्युओडेनमच्या, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या तुकड्याच्या, दुसऱ्या भागातून किमान चार आणि त्याच्या अलीकडच्या गोलसर भागातून एक-दोन असे नमुने घ्यायला सांगतात. एक-दोन नमुन्यांवर भागवलं तर नेमकी बरी जागा हाती लागू शकते. डॉक्टरांना राग येईल असं वाटलं होतं. उलट त्यांनी "बरं झालं विचारलंत" म्हणून चिठ्ठीवर संख्या लिहूनच दिली.

गुंगी उतरल्यावर त्यांनी पडद्यावरचा फोटो दाखवला. आतड्याच्या घड्यांच्या कडा गुळगुळीत असायला हव्या होत्या, माझ्या दातेरी झाल्या होत्या, शिंपल्याच्या कडेसारख्या. आणि घड्यांच्या मधली जागा, पाणी आटल्यावर तळ्याचा तळ भेगाळतो ना, तशी दिसत होती. मी बराच वेळ तो फोटो बघत राहिले. गोळ्या, लोह, जीवनसत्त्वं, सगळं याच जमिनीवर ओतत होते मी.

परतताना आई गाडीत म्हणाली, "माझ्याकडूनच आलं का गं हे तुला?" मी तिला सांगितलं, की ही जनुकं तीस-चाळीस टक्के लोकांत असतात आणि त्यातल्या फार थोड्यांनाच हा आजार होतो. ती मान हलवत राहिली, पण तिने माझा हात काही सोडला नाही.

बायोप्सीचा रिपोर्ट 4 ऑक्टोबरला आला: मार्श 3बी. मार्शच्या श्रेणीत तीनला पोचलं म्हणजे विलाय झिजलेत, ए-बी-सी हे किती झिजलेत त्याचं माप. नमुने पुरेसे आहेत याची खात्री होईपर्यंत थांबायला सांगितलं होतं, म्हणून माझा गहू 5 ऑक्टोबरला सुटला.

त्याच आठवड्यात तपासण्यांची दुसरी फेरी झाली: बी12, फोलेट, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, यकृताची एन्झाइम्स, साखर, आणि हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन. ड जीवनसत्त्व खूपच कमी होतं, यकृताची एन्झाइम्स किंचित वाढलेली होती आणि डेक्सामध्ये टी-स्कोअर उणे 1.6, म्हणजे हाडं विरळ व्हायला लागलेली. वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी. निदानाचा एवढा धक्का बसला नव्हता तेवढा या आकड्याचा बसला. सगळ्या प्रवासात सर्वांत जास्त पैसे एंडोस्कोपी आणि बायोप्सीला लागले, त्याखालोखाल डेक्साला. रक्ताच्या तपासण्या त्या मानाने किरकोळ, पण त्या पुन्हा पुन्हा कराव्या लागतात, हे हिशेबात धरा.

मी विचारलं, अजून कुठकुठले ऑटोइम्यून आजार होऊ शकतात? सगळ्यांच्या अँटिबॉडी एकदाच तपासून टाकू का? डॉक्टरांनी नको म्हटलं. लक्षण नसताना अशी मोठी पॅनल केली की अर्धवट वाढलेले आकडे हाती येतात आणि नुसती झोप उडते. त्याऐवजी त्यांनी लक्ष कशावर ठेवायचं ते लिहून दिलं: खूप तहान लागून वजन घटलं तर साखर, डोळे आणि तोंड सतत कोरडं पडलं तर शोग्रेन, त्वचा काळवंडून, चक्कर येऊन मीठ खावंसं वाटायला लागलं तर ॲडिसन, कोपर-गुडघ्यांवर खाज येणारे पाण्याचे फोड आले तर डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस, जो सिलिॲकचाच त्वचेवरचा अवतार आहे. तो कागद औषधांच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवला आहे.

आणि मग तो प्रश्न, ज्याने मला सर्वांत जास्त छळलं: लवकर कळलं असतं तर थायरॉईड वाचलं असतं का? याबाबत संशोधकांतच एकमत नाही. 1999 साली इटलीतल्या एका अभ्यासात 909 सिलिॲक रुग्ण पाहिले. ज्यांचं निदान वयाच्या दोन वर्षांच्या आत झालं होतं त्यांच्यात इतर ऑटोइम्यून आजार 5 टक्क्यांच्या आसपास होते, वयाच्या दहा वर्षांनंतर झालेल्यांत साधारण 24 टक्के. वाचून वाटतं, ग्लूटेन जितका काळ पोटात तितका धोका वाढतो. पण पुढच्या इतर अभ्यासांत हा संबंध असा सरळ आढळला नाही. 2008 साली फ्रान्समधल्या 924 रुग्णांच्या अभ्यासात मात्र पथ्य नीट पाळणाऱ्यांत नवे ऑटोइम्यून आजार न पाळणाऱ्यांच्या निम्म्याने झालेले दिसले. मी हे सगळं डॉक्टरांपुढे ठेवलं. ते म्हणाले, "झालेला हाशिमोटो पथ्याने जाणार नाही, तशी आशा धरू नका. पुढचं टळेल याची हमी मी देत नाही. पण आतडं भरून येईल, हाडं सावरतील, गोळी पोचेल. तेवढं कारण पुरेसं आहे." मला हे उत्तर आवडलं. खोटा धीर दिला असता तर मी कधीतरी पथ्यावर चिडले असते.

पथ्याचा पहिला दिवस स्वयंपाकघर रिकामं करण्यात गेला. माझी जुनी चाळणी मी कितीही वेळा धुतली तरी उजेडात धरल्यावर जाळीच्या कडेला पिठाची पांढरी रेघ दिसायची. ती, लाकडी चमचे, ओरखडे पडलेलं लाटणं आणि टोस्टर एवढं बाहेर काढलं. स्टीलची, काचेची भांडी नीट धुतली की चालतात, सगळं नवं घ्यायची गरज नसते. घरातल्या बाकीच्यांसाठी गहू येतोच, पण त्यांचं पीठ मी ओट्यावर चाळू देत नाही. पीठ उडतं आणि तासभर खाली बसत राहतं.

"थोडंसं खाल्लं तर काय होतंय?" हे मी इतक्यांदा ऐकलं, की शेवटी हिशेब पाठ करून ठेवला. ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये साधारण 2 ग्रॅम ग्लूटेन असतं. 2007 सालच्या एका इटालियन अभ्यासात दिवसाला 50 मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने दिलं, तेवढ्यानेही अस्तराला इजा झाली. सुरक्षित म्हणून साधारण 10 मिलिग्रॅमची मर्यादा धरतात, म्हणजे एका स्लाइसचा दोनशेवा भाग. पाकिटावर 'ग्लूटेन-फ्री' म्हणायला आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे ती किलोमागे 20 मिलिग्रॅम. हा दोनशेवा भाग मी मावशीला ब्रेडचा एक कण बोटावर घेऊन दाखवला. त्यानंतर तिने पुन्हा कधी आग्रह केला नाही, उलट माझ्यासाठी वेगळं भांडं ठेवायला लागली.

तांदूळ, मका, ज्वारी, बाजरी, नाचणी, डाळी, बटाटा, दूध, अंडी, फळं, भाज्या यांत ग्लूटेन नसतंच. पहिल्या महिन्यात मी महागडी ग्लूटेन-फ्री बिस्किटं आणि तयार पिठं आणत सुटले होते, त्याची गरज नव्हती. साधं घरचं खाणं स्वस्त पडतं आणि पोषणही नीट होतं. पीठ मात्र दळताना गव्हात मिसळलेलं नसावं. लपलेलं ग्लूटेन असतं ते माल्टमध्ये, सोया सॉसमध्ये, तयार सूपमध्ये. ओट्सबद्दल मला सांगितलं ते असं, की शुद्ध ओट्स बहुतेकांना चालतात, पण बाजारातल्या साध्या ओट्समध्ये गहू-जव मिसळलेले असतात. म्हणून पहिलं वर्ष मी ते टाळलेच. गोळ्यांमधला स्टार्च कशाचा आहे, हेही औषधाच्या दुकानात विचारून घ्या.

आता एक गोष्ट जी मला आधी कुणी सांगितली नव्हती. डिसेंबर संपताना छाती धडधडायला लागली, हात थरथरत होते, रात्री झोप नाही. मला वाटलं चुकून ग्लूटेन गेलं. टीएसएच केलं, तर 0.2. आतडं भरत होतं, गोळी पोचायला लागली होती, आणि मी अजून 150 घेत होते. म्हणजे इतके दिवस वाया जाणारा डोस आता सगळाच्या सगळा अंगात उतरत होता. जानेवारीत 125, एप्रिलमध्ये 100. तेव्हा थायरॉईडची गोळी चालू असताना ग्लूटेन सोडलं असेल, तर सहा-आठ आठवड्यांत टीएसएच कराच, लक्षणांची वाट बघू नका. इन्सुलिन घेणाऱ्यांनाही पथ्य सुरू झाल्यावर साखरेवर जास्त लक्ष ठेवायला सांगतात, कारण शोषण बदलतं.

एप्रिल 2024 मध्ये टीटीजी 41 वर आली, यकृत नॉर्मल, फेरिटिन 24. आता ऑक्टोबरमध्ये टीटीजी 12, फेरिटिन 38, हिमोग्लोबिन 12.6. आकडे बरे आले म्हणून आतडं पूर्ण भरलं असं नव्हे. मोठ्या माणसांत त्याला दोन-दोन, पाच-पाच वर्षंही लागतात. 2010 साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात दोन वर्षांनी साधारण एकतृतीयांश लोकांचंच अस्तर पूर्ववत झालेलं आढळलं होतं. डेक्सा पुढच्या वर्षी.

घरच्यांची तपासणी हा वेगळाच डोंगर होता. आई-वडील, भावंडं, मुलं यांना धोका साधारण दहात एकाच्या आसपास धरतात, म्हणून सगळ्यांनी टीटीजी करावी असं सांगतात. आईने आधी "या वयात कशाला" म्हणून टाळलं, मग माझ्यासाठी केली. नॉर्मल. ताईची नॉर्मल. माझ्या मुलाची टीटीजी नॉर्मल, पण जनुकांच्या तपासणीत डीक्यू2 आहे, म्हणून त्याची तीन वर्षांनी पुन्हा करायची. डीक्यू2 आणि डीक्यू8 दोन्ही नसती तर पुन्हा पुन्हा सुई टोचायची गरज उरली नसती. जनुकांच्या तपासणीचा उपयोग तेवढाच, निदान त्याने होत नाही.

राहिली भाची. टाइप 1 मधुमेह असलेल्या मुलांची सिलिॲकची तपासणी निदानाच्या वेळी आणि पुढेही काही वर्षांनी करायची असते. तिची सुरुवातीला झाली होती, नॉर्मल आली होती आणि पुढची राहूनच गेली. माझं ऐकून ताईने गेल्या महिन्यात करून घेतली. मर्यादेच्या तिप्पट आली. मुलांमध्ये आकडा दहापटीच्या वर असेल आणि दुसऱ्या नमुन्यात ईएमए नावाची अँटिबॉडीही पॉझिटिव्ह आली, तर कधीकधी बायोप्सी टाळता येते. तिचा तेवढा नाही, म्हणून पुढच्या गुरुवारी एंडोस्कोपी ठरली आहे.

काल रात्री ताईचा फोन आला. आवाज दबलेला होता, भाची शेजारच्या खोलीत असणार.

"उद्यापासूनच तिचा गहू बंद करू का गं? माझ्याने बघवत नाही ती खाताना."

"नको ताई. गुरुवारपर्यंत खाऊ दे. मी बुधवारी राहायला येते, मी बसते तिच्याशेजारी."

बुधवारची रजा टाकली आहे. ते तारखावार एक पान आता तिच्यासाठी लिहायला घेतलंय.